हा हात मी ओळखते

मॅडम, तुमचा तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय.

तुम्ही गेल्याचं कळलं त्याच दुपारी तो वर्गाच्या ग्रुपवर आला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या आंबिवलीच्या चाळीच्या ग्रुपवर. खाली मेणबत्ती, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि वर तुम्ही. परीक्षकांच्या खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीत, करड्या सुती साडीत, चष्मा डोक्यावर चढवलेला. समोर पुतळ्यावर डाळिंबी सॅटिनचा, जमिनीपर्यंत पोचणारा गाऊन. तुम्ही त्याच्याकडे बघता, मग मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे बघता आणि म्हणता, "ह्या गाऊनला मी गुण देणार नाही." लगेच धाडकन संगीत. तिथेच संपतो. कोणीतरी त्यावर लिहिलंय, 'अशी कडक परीक्षक पुन्हा होणे नाही.'

तो गाऊन मी शिवलेला आहे, हे तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना माहीत नाही. आणि तुम्ही त्यापुढे आणखी एक वाक्य बोलला होतात, हे तर जवळजवळ कोणालाच माहीत नाही. ते कापलं गेलं. मी ते ऐकलंय. आता तुम्ही नाही म्हटल्यावर लोक तुम्हाला त्या अर्ध्या बोलण्यावरून लक्षात ठेवणार. ते मला सहन होत नाही, म्हणून लिहायला बसलेय. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, आणि तिथेही मी लिहिण्यापेक्षा शिवण्यातच बरी होते. ते तुम्हाला माहीत आहेच.

खरं तर भांडण त्याच्याही आधीपासून चालू होतं. पहिल्या वर्षाला आम्हाला नुसता कमरेपर्यंतचा भाग शिवायला दिला होतात. सगळ्यांचे तुकडे तुम्ही एकेक करून खिडकीपाशी नेऊन उजेडात धरत होतात. माझा धरलात आणि थांबलात. आतली शिलाई उलटी करून दाखवलीत.

"हे एवढं मार्जिन कुणासाठी सोडलंय?"

शिलाईच्या आत मी नेहमीसारखं दोन बोटं कापड सोडलं होतं. मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "मॅडम, पुढे सैल करायला."

"कोण सैल करणार?"

"ज्याला लागेल तो."

"अगं, हा गाऊनचा अभ्यास आहे. पहिलीतल्या पोरीचा फ्रॉक नाही."

वर्ग हसला. तुम्हीही हसलात. मी हसले नाही, कारण मला खरंच वाटत होतं की मी बरोबर आहे. आमच्याकडे कपडा तसाच शिवतात. माझा शाळेचा स्कर्ट दर वर्षी खालून उसवला जायचा आणि जुन्या शिलाईची फिकट रेघ त्यावर राहायची. आईचा लग्नातला ब्लाऊज मावशीच्या लग्नात उसवला, मग माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात पुन्हा आत घेतला. मार्जिन न सोडता कापड कापणं म्हणजे आमच्या आईच्या भाषेत 'नासवणं'.

त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने हाक मारणं सोडलंत. "ए दोन बोटं, कात्री आण." "दोन बोटं, आज डबा काय?" एकदा तर प्राचार्यांसमोर, "ही आमची दोन बोटं, हिला विचारा." ते माझ्या बोटांकडे बघत राहिले.

मी दर वेळी ठरवायचे की ह्या वेळी अर्धंच बोट सोडायचं. खुणा तशा करायचे. पण कात्री चालायला लागली की आपोआप बाहेर सरकायची. तुम्ही शिकवलेलं सगळं माझ्या डोक्यात होतं, पण हात घरचा होता. तुम्ही समजावून सांगायचात, की सॅटिन लबाड कापड आहे, आतलं काहीही झाकत नाही. जाड मार्जिन इस्त्रीखाली दाबलं की बाहेरून उंचवटा दिसतो. उभं असताना नाही कळत, पण दिव्यांचा उजेड बाजूने पडला की कमरेखाली एक रेघ उठते. "बाईचं अंग दिसलं पाहिजे किंवा कपडा दिसला पाहिजे. शिलाई दिसायचं काय कारण आहे?" असं तुम्ही म्हणायचात. मी मान डोलवायचे. मनातून पटलेलं नसायचं.

एकदा बोलून दाखवलं. तुम्ही कोपरीला तुमच्या घरी मला उरलेली कापडं न्यायला बोलावलं होतं. तुमचे थोरले भाऊ, अण्णा, पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "मॅडम, ज्यांच्याकडे एकच चांगला कपडा असतो, त्यांचं पण अंग वाढतंच ना." तुम्ही कापडांच्या घड्या घालत होतात. त्या घालून झाल्या, पिशवी माझ्या हातात दिलीत, तरी काही बोलला नाहीत. मी दारातून निघाल्यावर मागून अण्णांचा आवाज आला, "नले, मुलीने तुझी दांडी उडवली." आणि तुम्ही, "तुम्ही पेपर वाचा."

मला तेव्हा फार आनंद झाला होता. आज सांगते, जिना उतरताना मी एकटीच हसत होते.

मग तो कार्यक्रम आला. टीव्हीवर तुम्ही परीक्षक होणार हे आम्हाला वर्गातच कळलं. त्यात एक भाग कॉलेजच्या मुलांसाठी ठेवला होता, मोठ्या समारंभाला घालायचा गाऊन शिवायचा, आणि गाऊनवर नाव नाही, फक्त क्रमांक. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, "कोणी भाग घेत असाल तर मला सांगू नका. मला कळता कामा नये. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं." म्हणून मी सांगितलं नाही. निवड झाली तेव्हाही नाही. उल्हासनगरच्या बाजारातून आईबरोबर जाऊन डाळिंबी सॅटिन आणलं तेव्हाही नाही. तुमच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवणं मला जड गेलं. तुम्ही वर्गात बाहीचा घेर शिकवत होतात आणि मी घरी त्याच घेरावर अडलेली होते. विचारता येत नव्हतं.

पहिल्या येणाऱ्याचा गाऊन त्या वाहिनीच्या मोठ्या सोहळ्यात कोणीतरी नावाजलेली बाई घालणार होती, आणि शिवणाऱ्याला त्यांच्या कपडेपटात शिकायला घेणार होते. माझ्यासाठी ते केवढं होतं हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. बाबा टेम्पो चालवतात. आमच्या नात्यात कोणाला सांगायला गेलं की मी काय शिकते, तर "म्हणजे टेलर?" असं विचारतात. तो गाऊन टीव्हीवर कोणी घातला असता तर मला काही समजावून सांगावं लागलं नसतं.

शूटिंगला आम्हा मुलांना पडद्याच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. समोर एक टीव्ही, त्यावर तुमच्या खुर्च्या दिसत होत्या आणि सगळं ऐकू येत होतं. तुमची पद्धत तिथेही तीच. बाकीचे परीक्षक गाऊन समोरून बघत होते. तुम्ही उठून खाली बसायचात, घेराच्या टोकापासून वर बघत यायचात. माझा क्रमांक आला. पुतळा फिरवला. बाजूच्या दिव्याचा उजेड गाऊनवर पडला आणि कमरेखाली ती रेघ उठली. इतकी स्पष्ट मला घरी कधी दिसली नव्हती. तुम्ही खाली बसलेल्या होतात. तुमचा हात त्या शिलाईवर गेला, आणि तिथेच राहिला.

मला तेव्हाच कळलं. माझ्या शेजारी बसलेला भिवंडीचा मुलगा म्हणाला, "मॅडमको पसंद आया लगता है."

तुम्ही उठून खुर्चीत जाऊन बसलात. चष्मा वर केलात. "ह्या गाऊनला मी गुण देणार नाही." मग तुम्ही म्हणालात, "हा हात मी ओळखते."

एवढंच. कॅमेऱ्यामागून कोणीतरी विचारलं, मॅडम, म्हणजे नेमकं काय? तुम्ही म्हणालात, बाकीच्यांनी द्यावेत, माझी जागा कोरी ठेवा. तिघांच्या गुणांची बेरीज होणार होती. माझी बेरीज दोघांचीच झाली. मी सगळ्यात खाली गेले.

भाग लागला त्या दिवशी आमच्या खोलीत बसायला जागा नव्हती. बाबांनी जिलबी आणली होती. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की मी जिंकलेली नाही, पण मॅडमचं एक वाक्य ऐका. ते वाक्य आलंच नाही. "गुण देणार नाही," धाडकन संगीत, आणि लगेच पुढचा गाऊन. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कोण गं ही एवढी खडूस बाई?"

आई म्हणाली, "हिची मॅडम आहे ती."

जिलबी तशीच राहिली. सगळे गेल्यावर बाबा म्हणाले, "एक पण मार्क नाय? शून्य तरी द्यायचं. शून्य दिलं म्हणजे निदान पेपर तपासला."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही पुढे काय बोललात ते. त्यांना वाटलं मी तुमची बाजू घेतेय. "टीव्हीवर तर नाय दाखवलं," म्हणाले, आणि बाहेर गेले.

मी कॉलेजला जाणं बंद केलं. तुम्ही फोन केला नाहीत. मला ते फार लागलं होतं. आणि मग एका रविवारी सकाळी तुम्हीच आमच्या दारात. आंबिवली स्टेशनवरून विचारत विचारत आलेल्या, घाम पुसत. बाबा सवयीने "जयभीम" म्हणून गेले आणि मग जरा थबकले. तुम्ही "जयभीम" म्हणून चपला काढल्यात आणि खाली चटईवर बसलात. आई म्हणाली, "मॅडम, खुर्चीवर बसा ना." तुम्ही म्हणालात, "मला खालूनच नीट दिसतं." आईला ते कळलं नाही. मला कळलं, पण मी तुमच्याकडे बघत नव्हते.

बाबांनी आडवळण घेतलं नाही. "आमच्या पोरीचं चुकलं काय, ते सांगा."

"तिचं काही चुकलं नाही. मी ओळखलं की हे तिचं काम आहे. ज्याला मी शिकवलंय त्याला मी स्पर्धेत गुण देत नाही."

"वळखीच्याला लोक जास्तीचे देतात, मॅडम."

"म्हणूनच."

"मग कमी द्यायचे. कोण विचारायला येणार होतं?"

"कमी दिले असते तर सगळे मला म्हणाले असते, वा, काय प्रामाणिक बाई. तिच्या गुणांतून मी स्वतःचं नाव केलं असतं. ते मला नको होतं."

बाबा म्हणाले, "म्हणजे काही केलं तरी नुकसान पोरीचंच."

"हो," तुम्ही म्हणालात. "झालं नुकसान."

तुम्ही माफी मागितली नाहीत. मला वाटत होतं मागाल. आई चहा घेऊन आली, तुम्ही प्यायलात, कपबशी उचलून स्वतः मोरीपाशी ठेवलीत. निघताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "सोमवारी पॅटर्न ड्राफ्टिंगचा तास आहे." बाबा तुम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला गेले. परत आले ते हसत होते. मला म्हणाले, "शीळफाट्याला सिग्नल पाळणारा एखादाच असतो, बघ. मागचे सगळे हॉर्न मारून त्याला शिव्या घालतात. मी पण घालतो. तुझी मॅडम तसली आहे." आणि म्हणाले, "जा सोमवारी."

मी गेले. तुम्ही काही झालंच नाही असं दाखवलंत. "दोन बोटं, फळा पूस."

तुम्ही आमच्या घरी आलात ह्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. तेव्हा राग होता. नंतर वेळ निघून गेल्यासारखं वाटलं. नंतर तुम्हाला अवघडायला होईल असं वाटलं. असं करत राहिलं ते राहिलंच. आज मानते, मॅडम. बाबांसाठी तर फारच. ते आयुष्यात पहिल्यांदा कोणा शिकलेल्या माणसाला तोंडावर 'तुम्ही माझ्या पोरीचं नुकसान केलं' असं म्हणाले, आणि समोरून 'हो' असं उत्तर आलं. त्यानंतर ते माझ्या कॉलेजबद्दल वेगळ्या आवाजात बोलायला लागले.

पण भांडण मिटलं नव्हतं. तुम्हीही मिटू देत नव्हतात. एकदा प्रॅक्टिकल संपल्यावर मी म्हटलं, "मॅडम, मी मार्जिन कमी सोडलं असतं तर तुम्हाला कळलंच नसतं. तुम्ही गुण दिले असते."

"हो."

"म्हणजे तुमचं ऐकलं असतं तर मला तुमचे गुण मिळाले असते."

"मग? ऐकायचं होतंस." आणि तुम्ही इतक्या जोरात हसलात की बाहेरून शिपाईकाका डोकावले.

मी हट्टाने म्हटलं, "पण मला अजून वाटतं, ओळखलं तरी गप्प राहून द्यायला हवे होते. दुसऱ्या मुलांना जसे दिलेत तसेच. तुम्ही एवढी वर्षं बघताय, तुम्हाला जमलं असतं."

"नाही जमत."

"तुम्हाला नाही जमत? तुम्हाला?"

"जमतं असं ज्यांना वाटतं त्यांना खुर्चीत बसवू नये." तुम्ही टेप गुंडाळत होतात. "एकदा हात ओळखला की डोळ्यांना कपडा दिसत नाही गं. माणूस दिसतो."

मला ते पळवाट वाटलं होतं. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "असू दे पळवाट." आणि सगळा वर्ग गेल्यावरही आपण दोघी खडूचे तुकडे गोळा करत राहिलो.

मला तुमच्याकडून एक आकडा हवा होता, मॅडम. एवढीच गोष्ट होती. तुम्ही किती दिले असते? जाहीर नको, स्पर्धेत नको, फक्त मला. कॉलेजमध्ये आल्यापासून मला अनेकांनी गुण दिलेत. पण बऱ्याचदा मला वाटतं, त्यातले काही 'एवढ्या लांबून येते', 'घरी कोणी शिकलेलं नाही', म्हणून दिलेले असतात. लोक प्रेमानेच देतात. पण मग आपल्याला कळत नाही की आपण नक्की कुठे आहोत. तुम्ही माझं काम तीन तीनदा उसवायला लावलंत. 'तुझ्या मानाने चांगलं आहे' असं तुम्ही मला कधीही म्हणाला नाहीत. म्हणून आकडा तुमचाच हवा होता. तुमच्या गुणावर मी विश्वास ठेवला असता, कितीही कमी असला तरी.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये मी आले तेव्हा तेच विचारायचं ठरवून आले होते. आजारपण एवढं पुढे गेलंय हे तुम्ही आम्हाला कळूच दिलं नव्हतंत. अण्णा बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं. तुम्ही केवढ्याशा झाला होतात. मला रडू आलं. तुम्ही ते बघितलंत आणि अंगावरच्या हॉस्पिटलच्या कपड्याला चिमटीत धरलंत.

"हाही गाऊनच. मागून उघडा, दोन नाड्या, मार्जिन अजिबात नाही. किती देशील?"

मी नाक पुसत म्हटलं, "शून्य."

"का? काम तर करतोय."

मग मी विचारलं. "मॅडम, आता तरी सांगा. त्या गाऊनला किती दिले असते?"

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "तू सांग. माझ्या खुर्चीत तू असतीस तर किती दिले असतेस?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळी येईन तेव्हा सांगते." तुम्ही म्हणालात, "विचार करून सांग. उगाच नको." नर्स आली, मी बाहेर आले. पुढची वेळ आली नाही.

काल तुमची शोकसभा झाली. कोपरीतल्या त्या छोट्या सभागृहात. जुने विद्यार्थी, कॉलेजचे लोक, वाहिनीवरचेही कोणी कोणी आले होते. बाबा म्हणाले मी पण येतो, आणि टेम्पो बाहेर लावून शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर तुमचे फोटो दाखवले, आणि शेवटी तोच व्हिडिओ. "ह्या गाऊनला मी गुण देणार नाही." संगीत. लोक हसले. वाईट हसले नाहीत, मॅडम, प्रेमानेच हसले. एक जण म्हणाला, "कडक होत्या हो बाई." अण्णा पहिल्या रांगेत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मागे वळून मला शोधलं आणि हाताने खुणावलं, जा.

मी माईकपाशी गेले. मी नाव सांगितलं. मग म्हटलं, "तो गाऊन मी शिवलेला आहे. मॅडमचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. त्यापुढे त्या म्हणाल्या होत्या, हा हात मी ओळखते. मी त्यांची विद्यार्थिनी होते, म्हणून त्यांनी गुण दिले नाहीत. गाऊन वाईट म्हणून नाही. त्या कडक होत्या असं तुम्ही म्हणताय. त्या दिवशी त्यांना दुसरं काहीतरी जड गेलं होतं, मी ते बघितलंय." आणखी बोलायचं ठरवलं होतं ते विसरले.

मग पुढे बसलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी, जिला तुम्ही जेमतेम काही महिने शिकवलंत, ती अगदी निरागसपणे म्हणाली, "ताई, मग गाऊन कसा होता? तुम्ही किती दिले असते?"

लोक पुन्हा हसले. मीही हसले. आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आठ असं ओठांवर आलं. आठ का? कारण शेवटच्या रांगेत बाबा बसले होते आणि तो आठ ते चाळीत घेऊन गेले असते. मग वाटलं चार म्हणावं. त्या रेघेचं सांगावं, सगळ्यांसमोर. पण मला आधीच ऐकू यायला लागलं, की बघा, किती प्रामाणिक मुलगी, अगदी मॅडमसारखी. मग वाटलं सहा म्हणून सुटावं. मॅडम, मी खरंच शोधत होते. तो गाऊन डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते, एखाद्या परक्या माणसाने शिवलेला असावा तसा. घेर यायचा आणि त्यामागे आई, उल्हासनगरच्या दुकानात कापड गालाला लावून बघणारी. शिलाई यायची आणि त्यावर तुमचा हात. कपडा काही दिसेना.

मी म्हटलं, "मला नाही देता येणार गुण. माझ्या हातचा आहे तो."

माईक ठेवून मी खाली आले. अण्णांनी शेजारची खुर्ची रिकामी केली, मी तिथे बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

मॅडम, उत्तर तयार आहे. विचार करून देतेय, उगाच नाही. तुमच्या खुर्चीत असते तर मीही जागा कोरीच ठेवली असती. तुमचं बरोबर होतं. हे मी तुम्हाला भांडून भांडून, पार शेवटी, तोंड वाकडं करून सांगितलं असतं, आणि तुम्ही हसला असतात. शिपाईकाकांनी डोकावावं एवढं. मला नुसतं हरायचं नव्हतं. तुमच्यासमोर हरायचं होतं.